तार आवळल्याचा दुसरा दिवस

तार आवळून घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी अतिकाच्या वाटेला जायचं नाही, हे तिच्या गल्लीतल्या मांजरांनाही कळून चुकलं होतं. दर महिन्याला ती शहाद्याहून एसटीने नंदुरबारला जायची आणि दाताच्या डॉक्टर कामिनी मॅडमकडून तार घट्ट करून घ्यायची. परतीच्या गाडीत कंडक्टरला ‘शहादा’ एवढं सांगणंसुद्धा तिच्या जिवावर यायचं. दुसरा दिवस त्याहून वाईट. वरचा दात खालच्याला नुसता टेकला तरी कळ थेट कानापर्यंत जायची.

त्रेचाळीस वर्षांची बाई, पंचवीस वर्षं ब्लाउज शिवतेय, मुलगी लग्नाला आलेली, आणि तोंडात शाळकरी पोरीसारखी तार! लोक बोलणार नाहीत तर काय. पण लोकांचं ऐकण्यात अतिकाची निम्मी उमर आधीच गेली होती. दात पुढे, म्हणून हसू आलं की ओढणी तोंडावर, ही लहानपणापासूनची खोड. मग एकदा एका नवरीला ब्लाउज घालून तिने आरशासमोर उभं केलं. नवरी कशावरून तरी खळखळून हसली, आणि तिच्यामागे अतिकाला आरशात ती स्वतः दिसली. तीही हसत होती, पण तोंडावर मापाची टेप धरून. तिला स्वतःचा असा संताप आला की त्याच आठवड्यात तिने नंदुरबार गाठलं. घरात विचारलं कुणालाच नाही, सांगितलं मात्र सगळ्यांना. नवरा मुजफ्फर केळीच्या गाड्या भरायच्या कामावर होता. तो बरं-वाईट काही बोलला नाही. तार आवळायच्या दिवशी तेवढी पिकलेल्या केळ्यांची एक फणी आणून मशीनजवळ ठेवायचा.

बोलायचं काम त्याच्या थोरल्या बहिणीने, शहाबानोने, अंगावर घेतलं होतं. ती शेजारच्याच घरात राहायची आणि रोज एक चक्कर मारायची.

“अच्छे-भले मुँह में खुद होके दर्द डाल लिया,” ती उंबऱ्यातूनच म्हणायची. “निकाल दे ये लोहा.”

“नहीं निकालती, आपा,” अतिका म्हणायची. दात दुखत असताना एवढंच बोलणं परवडायचं.

दुखण्याशी तिने आपला एक करार करून टाकला होता. सकाळी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. दातावर चिकटवलेली एखादी क्लिप ओठाला टोचत असेल तर मॅडमनी दिलेल्या मेणाची बारीक गोळी तिच्यावर दाबून बसवायची. अगदीच सहन होईना तर त्यांनीच लिहून दिलेलं औषध, तेही पोटात काही गेल्यावर. दुपारी भाकरी डाळीत इतकी चुरायची की चावायला काही उरू नये, नाहीतर सरळ केळं. गालाला माठाच्या पाण्यात भिजवलेला रुमाल. आणि मशीन चालू ठेवायची. पाय चालत असले की जबडा जरा विसरायला होतो, असं तिचं म्हणणं होतं. दोन-तीन दिवसांत ठणका ओसरायचा.

अशाच एका दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी कौसाबाई ब्लाउज न्यायला आली. हुक लावायचे राहिले होते, म्हणून समोरच्या स्टुलावर बसून राहिली. बाई मनाची चांगली, पण जिभेला लगाम नाही.

“अतिका, तुन्ही आंडेरनं लगीन कराना दिन शेतस,” ती मुलीचा विषय काढत म्हणाली, “नि तू दातस्ले तार बांधी बठनी? कोनले दखाडानं शे वं आते?”

“लगीन तिन्हं शे, मावशी,” अतिका मान वर न करता म्हणाली. “दात मन्हा शेतस.”

कौसाबाई खदाखदा हसली. अतिकाला मात्र ते हसणं झोंबलं. कुणाला दाखवायचं म्हणे! शेवटच्या हुकाला गाठ मारली आणि त्या रागाच्या भरात तिने पंचवीस वर्षं जे केलं तेच केलं. कात्री मांडीवर होती, पण हात तिकडे गेलाच नाही. धागा पुढच्या दातात धरला आणि मानेला झटका दिला.

‘कट्’ असा आवाज झाला. धागा तुटलाच नव्हता. तो क्लिपभोवती अडकला होता आणि क्लिपच दातावरून उखडून तारेला लोंबत होती. कळ अशी आली की अतिकाच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. कौसाबाईचं हसू पळालं. “माय वं, मन्हामुळे व्हयनं!” म्हणत ती पाण्यासाठी धावली. आवाज ऐकून शहाबानो आली, तिने अतिकाचं तोंड बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

“टूट गया ना? अब बस. कल जाके पूरा निकलवा.”

अतिका रडली. दुखलं म्हणून थोडं, आणि स्वतःच्याच सवयीने दगा दिला म्हणून जास्त. खरं सांगायचं तर त्या घटकेला तिलाही वाटलं, काढूनच टाकावं. सहा महिने झाले होते, अजून वर्ष बाकी होतं, आणि दर महिन्याला हे असं. एकदा तार निघाली की भाकरी चावता येईल, धागा तोडता येईल, आपाही गप्प बसेल. तिने ओढणीने डोळे पुसले. ती ओढणी तशीच तोंडावर धरून आपण बसलो आहोत हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने ती फटकन खाली टाकली.

“कल जाऊँगी, आपा,” ती म्हणाली. “निकलवाने नहीं. चिपकाने.”

शहाबानो पुढे बरंच बोलली. अतिकाने मशीन चालू केली.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गाडीने नंदुरबारला गेली. कामिनी मॅडमनी लोंबणारी क्लिप बघून कपाळाला आठ्या घातल्या. “काय खाल्लंत? ऊस? चणे? कणीस? यादी दिली होती ना मी?”

“यादीत होतं ते काहीच नाही खाल्लं.”

“मग तुटली कशी?”

“धागा तोडला.”

मॅडमच्या यादीत धागा नव्हता. त्यांनी दिवा जवळ ओढला, पुढच्या दाताच्या कडेवरून बोट फिरवलं आणि आरसा अतिकाच्या हातात दिला. दाताच्या कडेला मधोमध एक बारीकशी खाच होती, सुईच्या नेढ्याएवढी. अतिकाने ती आजवर कधी पाहिलीच नव्हती.

“धाग्याने झिजलाय दात,” मॅडम म्हणाल्या. “आता तरी कात्री वापरा.”

“तार आहे तोवर कात्रीच, मॅडम. कबूल.”

“आणि शेवटी ही खाच मी भरून देईन. म्हणजे सगळे दात कसे एकसारखे दिसतील.”

अतिकाने आरसा खाली ठेवला आणि खुर्चीत उठून बसली. जबडा अजून ठणकत होता, तरी ती सावकाश, नीट बोलली.

“ती राहू द्या.”

“अहो, हसताना दिसेल ना.”

“दिसू द्या. पुढे आलेले दात जन्मतः मिळाले, ते मला नको आहेत, तुम्ही मागे घ्या. ही खाच मी केलीय. पंचवीस वर्षं लागली तिला.”

मॅडमनी क्लिप चिकटवायचं साहित्य पुढे ओढलं. अतिका मागे टेकली, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट धरले आणि कुणी सांगायच्या आत तोंड उघडलं.