सोनईच्या बैलाचा खरा रंग

रंग पारखण्यात माझ्या तोडीचा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही, हे मी स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. केडगावातल्या माझ्या प्रिंटच्या खोलीच्या भिंती करड्या, माझा शर्टही करडा. लाल शर्टातल्या गिऱ्हाइकाला मी उंबऱ्यापलीकडेच थांबवतो. त्याच्या शर्टाची लाली कागदावर पडली, की फोटोतला कैलासवासीसुद्धा तरतरीत दिसायला लागतो.

एकदा सोनईचे एक काका खिल्लार बैलाचा फोटो घेऊन आले. शुक्रवारी नव्या घराची वास्तुशांत होती आणि दर्शनी भिंतीवर त्यांना बैल हवा होता, तोही दाराएवढा. एवढा पांढराशुभ्र बैल पंचक्रोशीत नाही, असं ते सोयऱ्याधायऱ्यांना तीन वर्षं ऐकवत होते. आता सगळे बघायला येणार होते.

फोटोत निळसर झाक होती. मी सगळा दोष कॅमेऱ्यावर टाकला आणि कामाला लागलो. कापसाच्या कागदावर नमुन्याच्या पट्ट्या छापायच्या, ट्यूबखाली बघायच्या, मग उन्हात न्यायच्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तर मला बायकोच्या पाठीवरही वशिंड दिसायला लागलं. पण निळा कण न् कण उपटून काढला. बैल कसा सायीच्या रंगाचा उतरला, हात लावला तर शेपटी हलवेल असा.

बुधवारी काका काकूंना घेऊन आले. प्रिंट बघून त्यांचा चेहराच उतरला.

"ह्यो आमचा न्हाई. ह्यो कुनाचा तरी पिवळा बैल हाय. पाव्हन्यांम्होरं ह्यो लावू व्हय?"

मी उजेड आणि छटा यांवर अर्धा तास प्रवचन दिलं. काका वैतागून तंबाखू थुंकायला बाहेर गेले. तेवढ्यात काकू जवळ सरकल्या.

"दादा, तुमचा रंग बरुबर हाय. कपडे धुतल्यावर बादलीत नीळ उरती, ती मी दर आंगुळीला बैलाच्या अंगावर वतते. ह्यांना ठावं न्हाई. तुमी घाला नीळ परत."

माझ्या कलेचा गळा मी माझ्याच हातांनी दाबला. सगळी नीळ परत ओतली, वर चमचाभर जास्तच, आणि नवा प्रिंट काढला.

काका तो बघून खुलले. माझ्या खांद्यावर हात ठेवून समजावणीच्या सुरात म्हणाले, "रंग वळखायला नजर लागती, साहेब. यील तुमालाबी हळूहळू."

काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. खांदे तेवढे हलत होते.