दहा दिशा आणि वस्तीची गाडी

आईला रत्नागिरीत बोलावलं ते मीच. मुंबईत मी नेमकं करते काय, हे तिला एकदा कळावं म्हणून. राजापूरकडच्या आमच्या वाडीत प्रत्येक आईकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असायचं. कुणाचा मुलगा गिरणीत, कुणाचा गोदीत, कुणाची मुलगी नर्स. आमच्या आईला विहिरीवर कुणी विचारलं की ती म्हणायची, "हाय कसलासा अभ्यास." लेक तिशीला आलेली, लग्न नाही, आणि अजून अभ्यास! बायका एकमेकींकडे बघायच्या आणि कळशा उचलायच्या. आईला ते फार लागायचं. मलाही लागायचं.

त्यात माझा विषय असा, की सांगणार काय, कपाळ? ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आमच्या भौतिकशास्त्रात स्ट्रिंग थिअरीचं वारं शिरलं होतं. जगातलं सगळं म्हणजे मुळात अतिसूक्ष्म तंतूंची थरथर, असं ती म्हणते. आणि ते गणित जुळायचं तर विश्वाला काळ धरून दहा मिती लागतात. लांबी, रुंदी, उंची आणि काळ एवढ्या चार आपल्याला कळतात. उरलेल्या सहा विश्वाच्या आरंभापासून इतक्या घट्ट गुंडाळून बसल्या आहेत की दिसतच नाहीत. हे खरं की खोटं, कुणालाच ठाऊक नव्हतं. तेच तर आम्ही बघत होतो.

रत्नागिरीतल्या एका मंडळाने 'विश्वाची उत्पत्ती' या विषयावर बोलायला बोलावलं, तेव्हा मी आईला निरोप धाडला: ये, आणि येताना हातभर सुंभ आण. काथ्याची ती दोरी लांबून बघितली तर नुसती रेघ दिसते. पण तिच्यावरच्या मुंगीला विचारा! तिला दोरीवरून पुढेमागे जाता येतं, तसं दोरीभोवती गोलही फिरता येतं. लपलेली मिती म्हणजे एवढंच. आईला हे नक्की कळलं असतं. तिने आयुष्यभर सुंभ वळला होता.

आई आली. ठेवणीतलं लुगडं, पिशवीत सुंभ. "मुंबईत दोरी नाय मिळत?" म्हणाली, सुंभ माझ्या हातात दिला आणि मागे, दाराजवळच्या खुर्चीत बसली. तिला परत जायला सातची वस्तीची गाडी धरायची होती. ती एसटी रात्री गावातच मुक्कामाला असते. ती चुकली तर गुरांकडे बघायला घरी दुसरं कुणी नव्हतं.

व्याख्यान पाचचं. पाचला श्रोते होते, मी होते, अध्यक्ष नव्हते. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त साहेब. खुर्ची जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण सुंभ जळाला तरी पीळ काही जळत नाही. साहेबांची वामकुक्षी व्हायची होती. ते उगवले तेव्हा समई पेटेना, कारण डोक्यावर पंखा गरगरत होता, आणि पंखा बंद करावा हे सुचायला अर्धी काडीपेटी गेली. मग स्वागतगीत. पेटी एका पट्टीत, मुली दुसऱ्या, आणि एकही कडवं सोडलं नाही मेल्यांनी! मग नारळ आणि गुलाबाची फुलं. अध्यक्षांना, मला, उपाध्यक्षांना, चिटणिसांना, आणि कुणी रुसायला नको म्हणून नारळ आणून देणाऱ्यालाही. माझी ओळख करून देणारे गृहस्थ 'मुलगी असूनही' हे शब्द इतक्या वेळा म्हणाले की मुलगी असणं हा एखादा जुनाट आजार वाटावा. तेवढ्यात मागचा 'विश्वाची उत्पत्ती' लिहिलेला कापडी फलक एका बाजूने घसरला. एक कार्यकर्ता धावत आला, टेबलावरचा माझा सुंभ त्याने उचलला आणि फलक बांधून टाकला. झालं! माझी मिती गेली खिळ्याला.

अध्यक्ष एरवी शेवटी बोलतात. पण साहेबांना पुढे लग्नाच्या जेवणाला जायचं होतं, म्हणून 'दोनच शब्द' आधी. "परदेशी लोक आज दहा मिती सांगताहेत," ते गरजले. "अहो, आमच्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी दशदिशा सांगून ठेवल्यात! दहा म्हणजे दहा! मग शोधायचं राहिलंय काय?"

टाळ्यांचा कडकडाट. आठ दिशा, वर आणि खाली, हे सगळं मिळून तीनच मिती होतात, हे शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. पण साहेबांना सांगणार कोण? ते पुढे ब्रह्मांडाच्या अंड्यात शिरले आणि बाहेर यायचं नाव घेईनात. सात वाजत आले. आई उठली. तिने हात जरासा वर करून मला दाखवला आणि दाराबाहेर गेली.

माझ्या डोक्यात तिडीक उठली. मी व्यासपीठावरून उतरले. चिटणीस दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, सोय मागच्या बाजूला आहे, विहिरीपलीकडे." मी स्टँडकडे पळत सुटले.

आई खिडकीत बसली होती. चेहरा अगदी समाधानी.

"आई, अगं माझं बोलणं राहिलंच!"

"ऐकलं की सगळं. त्या कोटवाल्याने सांगितलान ना. आपल्या जुन्या माणसांनी सगळं शोधून ठेवलंय म्हणे. मग तू तिकडं काय शोधतेस गो?"

"त्याला ओ की ठो कळत नाही! साफ चूक बोलला तो."

"हळू बोल. एवढा कोट घालून, एवढ्या माणसांत कोण खोटं बोलेल? आणि चूक होतं तर तू का नाय बोललीस? तिथंच तर बसलेलीस, नारळ घेऊन."

कंडक्टरने घंटी मारली. "शोधायचं होतं ते झालं," गाडी हलताना आई म्हणाली. "आता घरी ये."

मी सभागृहात परतले तर साहेबांचे दोन शब्द चालूच. मी थेट मागे गेले आणि सुंभाची गाठ सोडली. 'विश्वाची उत्पत्ती' अलगद साहेबांच्या खांद्यावर उतरली, आणि दोन शब्द संपले. मग सुंभ हातात धरून मी बोलले. मुंगीचं सांगितलं, आरंभाचं सांगितलं, चिटणीस 'वेळेअभावी आवरा' अशी चिठ्ठी सरकवेपर्यंत सांगितलं. बोलत होते ते दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून. रडू येत होतं, पण त्या लोकांसमोर रडायची माझी बिलकूल तयारी नव्हती.

शिमग्याला गावी गेले. अंगणात शेजारीण आली, मला खालीवर न्याहाळलं आणि आईलाच विचारलं, "काय करते गो तुझी लेक मुंबईत?"

मी तोंड उघडलं, पण आईकडे आता उत्तर होतं. "सापडलेलं असतं ना," ती ठसक्यात म्हणाली, "तेच परत शोधते." शेजारीण परत मला न्याहाळू लागली. मग माझी लाज राखायला आईने पुढे जोडलं, "पण पगार देतात."