प, ब आणि म

मुलगी चार वर्षांची होती तेव्हा आम्ही मलकापुरात सासूबाईंजवळ राहत होतो. नवरा फौजेत, पोस्टिंग लांब. बालवाडीच्या बाई दर शनिवारी एक अक्षर घरून करून आणायला सांगायच्या. पुठ्ठ्याचं अक्षर कापायचं, त्यावर त्याच आवाजाच्या वस्तू चिकटवायच्या आणि तो आवाज पोरीकडून म्हणून घ्यायचा. 'प'वर पिसं, 'ब'वर बटणं, 'म'वर मसूर. तिचा हात फार सुबक, दाणा रेषेबाहेर जायचा नाही. पण तिन्ही अक्षरांना ती 'ब'च म्हणायची.

"ल्हान हाय अजून," सासूबाई म्हणायच्या. "तिचा बाप बी लय उशिरा बोलला."

मलाही तेच खरं मानायचं होतं.

एका दुपारी डिंक वाळावा म्हणून 'म'चा पुठ्ठा तोंडासमोर धरून मी फुंकर घालत होते. तसंच म्हणाले, "मसूर दे गं." वाटी तिच्या मांडीवर होती. ती हललीच नाही. पुन्हा म्हणाले, तरी नाही. पुठ्ठा खाली घेऊन तेच बोलले, तशी तिनं हसून वाटी पुढं केली.  तिच्या मागं जाऊन मी ताट आपटलं, तर ती दचकून वळली.

"बग, ऐकू येतंय की!" सासूबाई म्हणाल्या.

मी तिला सांगलीला नेलं. तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोठे आवाज पोचतात, बोलणं अर्धंमुर्धं. ती तुमचे ओठ बघून समजून घेते. आणि प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात."

स्टँडवरून नवऱ्याला फोन केला. डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी फोनवर बोलतो, ते तिला...?"

"रेंज जातेय," म्हणत मी फोन ठेवला.

कानाला मशीन बसवलं. पहिल्या दिवशी कुकरच्या शिट्टीला घाबरून ती कॉटखाली जाऊन बसली. हळूहळू 'म' आणि 'ब' वेगळे झाले. 'स' अजून येत नाही. कुठं लग्नाला निघालो की सासूबाई तिचे केस कानावर ओढतात, "पोरीची जात हाय," म्हणतात. मी ते मागं सारते. त्यावरून आमचं वाजतं.

परवा पाहुणे आले, तर तिनं स्वतःच केस कानावर घेतले. कुणी सांगितलं नव्हतं.