अक्तीचा मांडव

माय, तुमसरच्या फलाटावर तू माझ्या हातात डबा दिलास आणि म्हणालीस, "रडू नको वो, लोकं पाहून राहिले." मी रडले नाही. नववीची परीक्षा नुकतीच झाली होती, आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याचं तोंडही मी धड पाहिलं नव्हतं. दुर्गला उतरले तेव्हा डबा तसाच होता. नववीचा निकाल मला कोणी कळवला नाही.

भिलाईत सगळेच कुठून तरी आलेले. आमच्या कोहका वस्तीतल्या गल्लीत तेलुगू, उडिया, बिहारी, छत्तीसगढी. सासरे पोलादाच्या प्लांटमध्ये रोलिंग मिलला. थोड्याच दिवसांत अक्ती आली. आपल्याकडे या दिवशी, अक्षय तृतीयेला, पितरांची घागर भरतात, इकडे पोरं मातीच्या पुतरा-पुतरीचं लग्न लावतात. दारोदारी छोटा मांडव, हळद, वरात. गल्लीतल्या मुली बोलवायला आल्या तशी मी पदर खोचून निघाले. सासूबाईंनी दारातच अडवलं, "भावल्या खेळाचं वय सरलं तुयं."

सतरावं लागलं आणि माझं पहिलं बाळ पोटातच गेलं. डॉक्टरीणबाई सासूबाईंवर खेकसल्या, "बच्ची के पेट में बच्चा?" मला मात्र कितीतरी वर्षं वाटायचं, आपलंच काही चुकलं. तुला हे कधी सांगितलं नाही, माय.

आता मी मोहल्ल्यातल्या बायकांच्या गटात आहे. लहान वयात ठरलेली मुलींची लग्नं थांबवायला आम्ही घरोघरी जातो, आईबापांच्या शिव्या खातो. त्याची सवय झाली. पण गेल्या अक्तीला दादा त्याच्या लेकीला, प्रणालीला, घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा मी नुसती हरखले. किती वर्षांनी माहेर माझ्या दारात आलं होतं! दादानं स्वतः अंगणात मांडव घातला, बाजारातून पुतरा-पुतरी आणली. म्हणाला, "पोरीले लय हौस." पोरगी दहावीत गेलेली, हौस कसली? दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कानामागं हळद दिसली. ती मला हळूच म्हणाली, "आत्या, बाबा म्हणे सुट्टीत राहाले चाललो. मी दप्तर आणलं ना."

गावात अंगणवाडीच्या बाई वय विचारत होत्या, म्हणून दादानं भावल्यांच्या मांडवाआड पोरीचं खरं लग्न लावायचा हा रस्ता काढला होता. इथल्याच कुम्हारी गावचा नवरा मुलगा दुपारी यायचा होता. "अवो, इथं गल्लीभर मांडव हायेत. कोण पाहून राहिलं?" असं तो हसून म्हणाला. माझा असा संताप झाला की बस! अख्ख्या जगात त्याला माझंच अंगण सापडलं. हातापाया पडले, भांडले. तो ऐकेना. मग मी गच्चीवर जाऊन हेल्पलाइनला फोन लावला.

साहेब लोक, पोलीस आले. वरात कोपऱ्यावरूनच परतली. प्रणालीनं बालकल्याण समितीसमोर सांगितलं, मला शिकायचंय, घरी पाठवू नका. तिला दुर्गच्या वसतिगृहात ठेवलं. दादा जाताना म्हणाला, "आजपासून तू आमाले मेली."

तेव्हापासून गावाकडचा फोन नाही. एकदा शेजारणीच्या फोनवरून तुझा आला. "पोरगी जेवते का बरोबर?" एवढंच विचारलंस आणि ठेवलास. सासूबाई कधीच गेल्या, नवरा नुसतं 'अवो' म्हणतो. गल्ली माणसांनी भरलेली, पण आपल्या बोलीत मला नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही.

दिवाळीला भाऊ बहिणीला न्यायला येतो. आता तर कोणी येणार नव्हतं. मीच प्रणालीला आणायला गेले. वसतिगृहाच्या बाईंनी सहज विचारलं, "घर कहाँ है इसका?" गावाचं नाव माझ्या ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात पिशवी उचलत प्रणाली म्हणाली, "कोहका."

मला आनंद व्हायला हवा होता, माय. झालाही. पण गेटाबाहेर रिक्षात बसल्यावर मी रडले, लोकं पाहत होते तरी. आता तिचंही गाव गेलं होतं.