झेंडू तोडणाऱ्या मुलीची गोष्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? — माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेवढं पुरे असावं.

गंगापूर रोडच्या एका शाळेत मी गणित शिकवते. निवृत्ती जवळ आलीय. शाळेत मला मान आहे, पण तो गणितामुळे नाही — भाषणामुळे. पालकसभा असो की दहावीचा निरोप समारंभ, मुलांना चार शब्द सांगायचे म्हटलं की माईक माझ्याकडेच येतो. मग मी ती गोष्ट सांगते. मळ्यातल्या मुलीची. पहाटे उठून झेंडू तोडायची, बाजारासाठी पाट्या भरून द्यायची आणि तशीच हिरव्या बोटांनी शाळेत यायची — आज ती मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे. इथे मी जरा थांबते. टाळ्या पडतात, एखादी आई डोळे पुसते.

मुलगी खरी आहे. सुनीता. मखमलाबादकडून यायची. झेंडू खरा, हिरवी बोटं खरी. नर्स मात्र — तिला नर्स मी केलं.

खरं काय झालं? ती दहावीत होती. दसऱ्याचे दिवस, मळ्यात फुलांची घाई. पहिल्याच तासाला ती बाकावर डोकं टेकून झोपली. माझं त्या दिवशी डोकं फिरलेलं होतं — कशावरून, ते आता आठवतही नाही. मी तिला उभं केलं आणि म्हणाले, "फुलंच विकायचीत ना जन्मभर? मग बाक कशाला अडवतेस?" वर्ग हसला. मी हसू दिलं. ती तास संपेपर्यंत उभीच होती, स्कर्टला बोटं पुसत.

ती पुन्हा आली नाही. दिवाळीनंतर तिची आई आली. चपला बाहेर काढून स्टाफरूमच्या दारात उभी राहिली.

"बाई, पोरगी शाळंचं नाव काढलं की रडती. काय झालं हो?"

एवढंच विचारलं तिनं. रागावून नाही, अगदी साधं. मी खरं सांगितलं असतं, एकदा तिच्या घरी गेले असते — तर ती परत आली नसती का? मी म्हणाले, "तिचंच मन नाही अभ्यासात." आईनं मान डोलावली आणि ती निघून गेली. पुढे सुनीताचं लग्न लावून दिल्याचं कानावर आलं.

गोष्ट काही वर्षांनी सुरू झाली. निरोप समारंभात बोलता बोलता तोंडून निघून गेली, आणि पुढच्या वर्षी मुलांनीच मागितली.

मागच्या वर्षी नववीच्या पालकसभेतही सांगितली. सभा संपल्यावर माझ्या वर्गातली वैष्णवी आईला घेऊन पुढे आली.

"बाई, वळखलं का? मी सुनीता."

आडनाव बदललेलं, मला कसं कळणार? नवरा सातपूरला कारखान्यात आहे, म्हणाली, आणि ती स्वतः हार करून विकते. मी तिच्या बोटांकडे पाहिलं. हिरवीच होती.

तेवढ्यात वैष्णवी म्हणाली, "मॅडम, त्या नर्सताई कुठल्या हॉस्पिटलात आहेत? मला पण नर्स व्हायचंय. भेटायचंय त्यांना."

सुनीता माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही — वाट बघत होती. तिला सगळं कळलं होतं, हे मला दिसत होतं. आणि मी काय म्हणाले?

"ती आता बाहेरगावी असते."

"असंल," सुनीता म्हणाली. मग लेकीच्या खांद्यावर हात ठेवून — "चल, बस जाईल."

घरी आल्यावर रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. चहा केला, पेपर तपासले, झोपले. लाज वाटायला हवी हे कळतं, पण आत काही हलत नाही.

यंदा वैष्णवीच्या दहावीचा निरोप समारंभ झाला. माईक माझ्याकडे आला. वैष्णवी पुढेच बसली होती — आईनं तिला काही सांगितलेलं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी तीच गोष्ट सांगितली. नेहमीच्या जागी थांबले.

पहिली टाळी वैष्णवीनं वाजवली.