एल्विनेच्या अकरा खुणा

१४ ऑक्टोबर १९९६ रोजी एल्विनेने आईचा चरखा गावातल्या सुताराकडे, वास्सेलकडे, दुरुस्तीला दिला. मजुरी चारशे वीस क्रून ठरली. दोनशे आगाऊ, उरलेले चरखा हातात आल्यावर.

एल्विनेने एकतीस वर्षं मच्छीमार संस्थेचं गोदाम सांभाळलं होतं. जाळी, दोर, मिठाची पोती, पिंपं. एकाही मोजणीत काही कमी भरलं नाही, कारण आलेल्या प्रत्येक वस्तूवर ती कॉपिंग पेन्सिलीने खूण करायची. ही पेन्सिल कोरडी असेपर्यंत करडी दिसते, पाणी लागलं की जांभळी होते आणि मग जन्मात निघत नाही. टोक जिभेवर ओलं करायच्या सवयीने एल्विनेची जीभ कायम जांभळी असायची. संस्था बंद पडली, गोदामाला कुलूप लागलं, तरी नजर काही निवृत्त झाली नाही. दुकानातून आणलेली पावाची लादी ती घरी पुन्हा वजन करून बघायची.

अशी बाई आईचा चरखा डोळे मिटून देईल हे शक्यच नव्हतं. आदल्या संध्याकाळी तिने चरखा उलटा केला आणि आडबाजूंना अकरा ठिकाणी बारीक फुल्या मारल्या. पाय, पायपट्टी, चाकाचा तुंबा, आरे. या वेळी टोक मुद्दाम ओलं केलं नाही. तिथल्या रंग न पोचलेल्या करड्या लाकडावर करड्या फुल्या, कुणाला दिसणार?

तिसऱ्या आठवड्यात टपालवाली इल्मे पेन्शन घेऊन आली आणि स्वयंपाकघरातच बसली. एल्विनेने तिच्यापुढे धुरावलेला मासा ठेवला.

"वास्सेलकडे फिनलंडवाले आले होते म्हणे," इल्मे काटे काढत म्हणाली. "गाडीच्या मागच्या काचेतून चाक दिसत होतं. मी स्वतः पाहिलं."

"कसलं चाक?"

"चरख्याचं, आणखी कसलं? ते लोक जुन्या चरख्यांना हजारहजार मोजतात. दिवाणखान्यात फुलं ठेवतात त्यावर."

एल्विने त्या रात्री झोपली नाही. आई गेल्यावर घर भावाला गेलं, गायी सरकारी सामुदायिक शेतीत गेल्या, तिच्या वाट्याला हा एवढा चरखा आला होता. सकाळी उजाडताच सायकल काढून ती वास्सेलच्या कारखान्यात गेली.

चरखा मधोमध उभा होता, पण ओळखू येईना. भावाने मागे एकदा त्याला लाकडी जमिनीला देतात तो तपकिरी रंग वरवर फासला होता, तो पार गेला होता. खालून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं होतं, त्यावर जवसाचं तेल आणि मेण. तिने पायपट्टी दाबली. चाक फिरलं, पण मुकं. आईच्या चरख्याचा प्रत्येक फेऱ्याला 'टक' असा आवाज व्हायचा. आई त्यावर सूत मोजायची.

"हा माझ्या आईचा नाही," एल्विने म्हणाली.

वास्सेलने पाइप दातांतून काढला. "मग माझ्या आईचा असेल."

"चेष्टा नको. आवाज कुठे गेला?"

"तुंबा झिजला होता, चाक हेलपाटत होतं. सरळ केलं. मोडलेल्या चरख्याचा आवाजही जपून ठेवायचा, असं ठरलं नव्हतं आपलं."

"आणि फिनलंडवाल्यांच्या गाडीत काय होतं?"

"माझ्या सासूचा चरखा. सासूला विचार, पलीकडे चुलीशी बसलीय. कान गेलेत, जरा ओरडून विचार." तो बाकड्यावर टेकला. "बरं, तुझा नाही म्हणतेस. तुझ्या चरख्याची खूण काय, ते तरी सांग."

एल्विनेने चरख्याच्या पायांकडे पाहिलं. त्यांच्या आतल्या बाजू उभ्याउभ्या दिसत होत्या. तिथे एकही फुली नव्हती. आणि फुल्यांचं नाव काढणार कोणत्या तोंडाने?

"खूण कसली? आईच्या वस्तूला खूण लागते का?"

"तेच म्हणतो मी," वास्सेल म्हणाला. "रंग काढायला सोड्याचं पाणी लावलं, तर लाकडाला जागोजागी गोवर निघाला. जांभळा. रेषेरेषेत मुरलेला. काचेच्या तुकड्याने खरवडत बसलो, तीन दिवस. त्याचे पस्तीस क्रून वेगळे होतात."

"कसला जांभळा? मला नाही माहीत."

"मलाही नाही. पण दहा जागी होता."

'अकरा' हा शब्द एल्विनेच्या दातांपर्यंत आला. तिने तो गिळला. वास्सेल तिच्याकडे बघत होता, पाइप विझलेला.

तिने दोनशे वीस क्रून मोजून बाकड्यावर ठेवले. वास्सेलने ते न मोजता खिशात घातले, तेव्हाही तिला वाटलं, न मोजता घेतो म्हणजे कुठेतरी आधीच वसूल केलेत याने. पस्तीसचं नाव दोघांनीही पुन्हा काढलं नाही. सायकलच्या मागे चरखा बांधून ती पायी घरी आली.

दाराला कडी लावून तिने चरखा जमिनीवर आडवा केला. चरख्याच्या फळीच्या कोपऱ्यात एक भोक होतं. पूर्वी तिथे जवसाच्या तंतूंचा जुडगा अडकवायची काठी उभी राहायची. पुढे आई फक्त लोकरच कातायला लागली आणि तिने त्या भोकाला लाकडी बूच मारलं. एल्विनेने फुल्या मारल्या त्या संध्याकाळसारखंच चाकूने ते उचकटलं. बूच आईचंच होतं, पण बूच काय, कुठल्याही फळीत बसवता येतं. तिने करंगळी तोंडात ओली केली, भोकात घातली आणि आतल्या बाजूने घासली.

करंगळी बाहेर आली ती जांभळी.

मग ती स्टूल ओढून बसली, पायपट्टी दाबली आणि चाक फिरू लागलं. आवाज नव्हता. तिने स्वतःच जिभेने 'टक' केलं, प्रत्येक फेऱ्याला एकदा, दिवा लावायची वेळ होईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी दुकानात पावाच्या रांगेत वास्सेल तिच्या मागेच उभा राहिला.

"येतंय का सूत?"

"येतंय."

पैसे द्यायला तिने हात पुढे केला. वास्सेलची नजर करंगळीवर गेली. तो रंग साबणाने निघालेला नव्हता.

"म्हणजे अकरावी होती," तो म्हणाला.

एल्विनेने हात कोटाच्या खिशात घातला, पाव काखेत मारला आणि मागे न बघता बाहेर पडली. घरी जाऊन तिने पाव वजन केला. बरोबर भरला.

वास्सेलचे पस्तीस क्रून तिच्याकडून अजून यायचे आहेत.