ह्यांचं नाक आणि पाच दिवसांची सर्दी

सर्दी सगळ्यांनाच होते, पण माझ्या नवऱ्याला होते तशी सर्दी अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला होत असेल असं मला वाटत नाही. होत असेल तर त्या घरच्या बाईला एकदा भेटायची माझी इच्छा आहे. आम्हा बायकांना सर्दी होते तेव्हा आम्ही पदराला नाक पुसतो आणि कणीक मळायला घेतो. ह्यांची सर्दी आधी जाहीर होते. सकाळी पहिली शिंक आली की हे पलंगावर उठून बसतात, भिंतीकडे बघत दुसरीची वाट पाहतात, आणि ती आली की पडलेल्या आवाजात म्हणतात, "धरलं वं मले." मग मफलर निघतो, मफलरवर कानटोपी, कानटोपीवर माझी जुनी शाल, आणि हे सगळं गाठोडं स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून खोकत बसतं. खोकला झालेला नसतोच. नुसत्या सर्दीकडे बायकोचं लक्ष जाणार नाही म्हणून खोकला ते पदरचा घालतात.

उपचार करून घेण्याची त्यांची एक पद्धत आहे. तव्यावर ओवा भाजून पुरचुंडी छातीला लावली की "जाळून राहिली काय मले?" आणि जरा निवू दिली की "तुझं काही मन नाही कामात." अद्रक, तुळस, मिरे, गूळ घालून काढा उकळून द्यावा, तर एक घोट घेऊन म्हणणार, "माझ्या मायच्या काढ्यात जोर होता." त्यांची माय, म्हणजे माझी सासू, मी चांगली पाहिलेली आहे. ती बाई पोराला सर्दी झाली की अंगणात उन्हात बसवायची आणि सरळ धान कापायला निघून जायची. थर्मामीटरनं ताप नाही म्हटलं की थर्मामीटर खराब. वाफारा घ्यायला गरम पाण्याच्या पातेल्यावर गोधडी पांघरून बसतात, पण घराचा कारभार गोधडीतूनही चालूच. "कोण आलं? दूधवाला असन तर त्याले सांग, काल दुधात पाणी होतं." काल दूध प्यायला तुम्हाला चव होती कुठे, असं मी विचारत नाही. विचारलं की हे मेल्यासारखे डोळे मिटतात.

आता गंमत अशी, की एवढा गाजावाजा करून आलेली ही सर्दी आमच्या घराचा उंबरा ओलांडत नाही. कारण हे तांदळाचे दलाल आहेत आणि त्यांचा सगळा धंदा नाकावर चालतो. राइस मिलमध्ये जायचं, पोत्यातून मूठभर तांदूळ काढायचा, त्यावर तोंडाची वाफ सोडून हुंगायचं आणि सांगायचं, जुना आहे, ओल लागलेली आहे, मिसळ आहे. आमच्याकडच्या चिन्नोर तांदळाला तर सुवासाचंच मोल, त्यामुळे चिन्नोर खरा की खोटा हे ह्यांनी सांगितलं की पुढं कोणी विचारत नाही. अशा माणसाचं नाक बंद आहे हे बाजारात कळून कसं चालेल? म्हणून घरात मरणपंथाला लागलेले हे गृहस्थ दहा वाजता दाढी करून, भांग पाडून, स्कूटर काढतात. मफलर वाऱ्यासाठी आणि मास्क धुळीसाठी, असं लोकांना सांगतात. शिंक आली तर ती दाबून धरतात. एकदा मी भाजीला गेले असताना पाहिलं, तिघांशी बोलत उभे होते आणि कान लालबुंद झाले होते. संध्याकाळी घरी आले आणि दिवसभराच्या साठवलेल्या शिंका माझ्या अंगणात काढल्या.

हेच नाक माझ्या संसारात गेली चोवीस वर्षं मध्ये आहे. फोडणीत मोहरी जास्त झाली, डबा नीट धुतला नाही, तेल जुनं वापरलं, सगळं ह्यांना बाहेरच्या खोलीत कळतं. आणि मी काही म्हणायला गेले की ठरलेलं उत्तर, "तुले वासातलं काय समजते?" मी दिघोरीची. माझ्या बापाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चिन्नोर होता. कोणाच्या घरी चिन्नोर शिजतो आहे ते मी लहानपणी गल्लीतून जाताना सांगायची. पण हे ऐकतो कोण!

मागच्या हिवाळ्यात नवीन तांदूळ मिलमध्ये आला आणि नेमकी तेव्हाच ह्यांना सर्दी झाली. चौथ्या दिवशी कारध्याकडच्या एका मिलवाल्यानं ह्यांना चिन्नोर दाखवला. नागपूरचा एक व्यापारी दुसऱ्या दिवशी गाडी पाठवणार होता, फक्त ह्यांच्या शब्दावर. ह्यांनी मिलवाल्यासमोर डोळे मिटून, मान हलवत तांदूळ हुंगला. वास कशाचा म्हणून आला नाही. "उद्या सांगतो," म्हणून नमुन्याची पुडी खिशात घातली आणि घरी आले.

मग काय, खिडकीशी नेऊन दाणे पाहिले. दाताखाली धरून फोडले. नाक मोकळं व्हावं म्हणून नाकाला बाम चोळला, तर जगातल्या सगळ्या गोष्टींना बामाचा वास यायला लागला. शेवटी पुडी ओट्यावर ठेवून म्हणाले, "अवं, हा तांदूळ थोडा शिजवून पाह्य ना."

"काहून? भूक लागली काय?"

"तसं नाही."

"मग कसं?"

मी हात पुसले आणि लसूण सोलायला घेतला. मला सगळं समजलं होतं, पण मी सोडणार नव्हते. अर्धा लसूण सोलून झाला तेव्हा हे म्हणाले, "मले वास येऊन नाही राहिला. तू सांग."

"तुमीच म्हणता ना, मले वासातलं काही समजत नाही?"

"म्हणलं असन कधी," म्हणाले. चुकलो म्हणाले नाहीत. ते अपेक्षितही नव्हतं.

मी पुडी उघडली आणि घमघमाट आला, तिथंच मला शंका आली. चिन्नोर कच्चा असताना असा अंगावर येत नाही, तो शिजताना घरभर होतो. हा तांदूळ मी तीन पाण्यांनी धुतला आणि सुवास धुवणासोबत मोरीत गेला. शिजला तेव्हा नुसता भात होता. "अत्तर लावलेला माल हाय," मी म्हटलं. ह्यांनी भात मात्र खाऊन टाकला.

सकाळी व्यापाऱ्याचा फोन आला. कानाला दडे बसले म्हणून हे फोन मोठ्या आवाजावर ठेवतात, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. "माल घेऊ नका," हे म्हणाले.

"तुम्ही स्वतः पाह्यला ना?"

मला वाटलं, आता हे हो म्हणतील. कोणीही म्हणालं असतं. एका शब्दाचं काम होतं, आणि नाक बंद असल्याचं बाहेर गेलं तर पुढं ह्यांना मिलच्या दारात कोण उभं करणार होतं? ह्यांनी कानटोपी काढली. म्हणाले, "नाही जी. मले पाच दिवसांपासून सर्दी हाय, नाक बंद हाय. आमच्या घरच्यांनी पाह्यला."

"वहिनींना समजते काय त्यातलं?"

"माझ्याहून जास्त समजते," हे म्हणाले, फोन ठेवला आणि मला म्हणाले, "काढ्यात आज गूळ कमी हाय."

गाडी आली नाही. बाजारात सगळ्यांना कळलं आणि पुढं दोन आठवडे लोक ह्यांना विचारत होते, नाक घरी ठेवून आले काय. सहाव्या दिवशी ह्यांचं नाक उघडलं आणि उघडल्या उघडल्या बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "डाळ खाली लागली काय वं?" लागली होती. तेव्हापासून पुन्हा तेच सुरू आहे, तुले काय समजते म्हणून. नमुन्याच्या पुड्या खिशातून येतात आणि ओट्यावर न येता खिशातूनच परस्पर जातात. त्या फोनबद्दल हे कधी बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही. पण त्या सकाळी मला फार बरं वाटलं होतं, इतकं, की मी मागच्या अंगणात जाऊन जरा वेळ उगीच उभी राहिले होते.

यंदाही नवीन चिन्नोर आला आहे. हे रोज मिल हिंडून येतात, खणखणीत बोलतात, जेवणाला नावं ठेवतात. अजून त्यांना सर्दी झालेली नाही. चांगलंच आहे म्हणा. पण खोटं कशाला बोलू, मी तिची वाट पाहून राहिले आहे.